वाणातले बगळे

संक्रांतीला काय लुटायचं, हा प्रश्न मला दर वर्षी डिसेंबरपासूनच छळायला लागतो. वाट्या झाल्या, रुमाल झाले, प्लॅस्टिकचे डबे तर इतके झाले की सिंगापुरातल्या तमाम मराठी बायकांची कपाटं त्यांनीच अडली आहेत. दोन हजार सात साली मी सुंगेई रोडच्या जुन्या बाजारात फिरत होते, तर एका म्हाताऱ्या अंकलच्या चटईवर गुलाबी चकत्या दिसल्या. प्रत्येकीवर पांढरा बगळा, भोवती सोनेरी कड. काय देखण्या होत्या म्हणून सांगू! होत्या तेवढ्या चाळीसच्या चाळीस मी घासाघीस करून उचलल्या. मागे चुंबक चिकटवले आणि फ्रिजवर लावायला म्हणून लुटल्या. चुंबक एक कमी निघाला, म्हणून एक चकती तशीच उरली.

"नीता, अगं ही जुगाराची नाणी आहेत," अरुणा हातावर हळद घेता घेता म्हणाली. "सवाष्णींना जुगार वाटतेस होय?"

ही अरुणा आमच्या मंडळाची खजिनदार. तिच्या जिभेला हाड नाही आणि माझ्याही नाही. "नको असेल तर ठेव खाली," मी म्हटलं. तिने ती मुकाट्याने पर्समध्ये टाकली. फुकटचं सोडेल ती अरुणा कसली!

उरलेली चकती माझ्या नवऱ्याने ऑफिसात नेली. पद्माकर रॅफल्स प्लेसला अकाउंटंट आहे. फोनवर बोलताना बोटांना चाळा लागतो त्याला. दोन वर्षं बिचारा बगळा त्याच्या टेबलावर गरगर फिरत होता. दोन हजार नऊच्या मार्चमध्ये शेजारी लिम नावाचा नवा माणूस बसायला आला, त्याने ती चकती पाहिली आणि म्हणे खुर्चीतून उठूनच उभा राहिला.

लिमला कॅसिनोतली जुनी चिप्स जमवायचा नाद. ह्या चकत्या एका जहाजावरच्या कॅसिनोच्या. कॅसिनो जेमतेम महिनाभर चालला, कंपनी बुडाली, चिप्स समुद्रात फेकली म्हणतात. जगात फक्त तीन उरलीत असा सगळ्यांचा समज. त्यातलं एक गेल्या वर्षी लिलावात नऊ हजार अमेरिकन डॉलरला गेलं होतं.

"नऊ हजार?" मी ओरडलेच. "एका टिकलीला?"

"मलाही खरं वाटेना," पद्माकर म्हणाला. "पण लिमकडे दुसरं एक चिप आहे, जगात दोनच आहेत तसली. त्याला कुणी शंभर डॉलर देत नाही. का? तर त्याची गोष्ट कुणाला ठाऊक नाही. ह्या बगळ्याची इंटरनेटवर केवढी चर्चा! चारचौघांनी हाव धरली की भाव चढतो."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी नुसती उभी राहिले. जगात तीन म्हणे! जुरोंग ईस्टपासून पार टँपनीसपर्यंत एकोणचाळीस फ्रिजांवर बिलं, टाइमटेबलं आणि पोळीवाल्या बाईचे नंबर धरून बसलेत की हे बगळे! मला हसू आवरेना आणि अंगावर काटाही आला.

त्याच महिन्यात आमच्या मैत्रिणीच्या, सविताच्या, नवऱ्याची, निशिकांतची, बँकेतली नोकरी गेली. तेव्हा रोज कुणाची ना कुणाची जातच होती. नोकरी गेली की इथे राहायचा पास रद्द आणि महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. पण त्यांची मुलगी कादंबरी दहावीत, ओ लेव्हलची बोर्डाची परीक्षा ऑक्टोबरात. पोर हुशार, अन् असं अर्ध्यातून उठवून पुण्यात कुठल्या वर्गात बसवायचं? तिला स्टुडंट पास मिळत होता, सोबत आईला राहता येत होतं. फक्त भाडं आणि फी कुठून आणायची ते कळत नव्हतं. निशिकांतने पीएफपासून दागिन्यांपर्यंत सगळं धरलं तरी दहा हजार डॉलर कमी पडत होते.

मी बगळा घेतला आणि सविताच्या हातावर ठेवला. "वीक."

"नीता, वेडी आहेस का तू?"

"हे वाण नाही. ह्याला चुंबक नाही, हळदीकुंकू नाही, कुणाच्या ओटीत पडलेलं नाही. वीक म्हटलं ना!"

"आंटी, इट्स ओके लाह," कादंबरी दारातून तिच्या सिंगापुरी लकबीत म्हणाली. "आय कॅन स्टडी इन पुणे." आणि तोंड फिरवून आत गेली. मला असा राग आला! पोरीवर नाही, सगळ्यावरच.

आता आमचे अकाउंटंट साहेब आडवे आले. "लिलावात बाकीच्या एकोणचाळीसांचं सांगावं लागेल. लपवून विकणं म्हणजे फसवणूक."

"आणि सांगितलं तर कोण कुत्रं विचारणार आहे?"

"तरी सांगायचं."

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग माझं मलाच उमगलं: वाण विकतं का कुणी? बाकीचे बगळे बाजारात येणारच नसतील, तर ह्या एकाचा भाव कशाला पडेल? मी सगळ्या मैत्रिणींना घरी बोलावलं, यायला जमलं नाही त्यांना फोन लावले, आणि काय आहे ते सरळ सांगितलं. किमतीसकट. त्यांच्यातली मीनल पहिली म्हणाली, "इश्श, वाण काय विकायचं असतं? माझा नाही विकणार मी." एकीमागून एक सगळ्या तेच म्हणाल्या. त्यांतल्या निम्म्या जणींचे नवरे जीव मुठीत धरून ऑफिसला जात होते, हे मला माहीत होतं. माझे डोळे भरून आले.

अरुणा तेवढी गप्प होती. "मी शब्द देणार नाही," ती उठत म्हणाली.

"का गं? सविता तुझी कोणी नाही?"

"नाही म्हणजे नाही." आणि चप्पल घालून गेली. मागून मी काय काय बोलले ते इथे न लिहिलेलं बरं.

पद्माकरने सगळं जसंच्या तसं इंटरनेटवरच्या लिलावाच्या पानावर लिहिलं. चाळीस सापडलीत, एकोणचाळीस सणाची भेट म्हणून बायकांना दिलेली आहेत, आमच्यात अशी भेट विकत नाहीत, अडतीस जणींनी तसं कबूल केलंय, एकीने नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

लिलाव आठवडाभर होता. सुरुवातीला सगळं थंड. मग त्या जमवणाऱ्या लोकांच्या चर्चेत कुणीतरी विचारलं, हे वाण म्हणजे काय? लिमने पद्माकरला विचारून उत्तर लिहिलं, आणि बघता बघता नेवाडा, मकाव, सिडनी, कुठली कुठली माणसं संक्रांतीबद्दल विचारायला लागली. मीनलच्या फ्रिजचा फोटो टाकला, तर त्यावर शंभर जणांनी लिहिलं. भाव चार हजारांवर गेला. चाळीस आहेत हे कळूनही! कारण लोकांना कळलं होतं की ती मिळणारच नाहीत. मी तोंडात बोट घालून बघत बसले. ज्या वस्तूला मी पन्नास सेंट देताना कुरकुरले, तिची किंमत आमच्या बायकांच्या शब्दावर चढत होती.

पण चार हजारांवर गाडी अडली ती अडलीच. जो तो एकच विचारत होता: ती एकटी बाई उद्या विकणार का? सविता मला म्हणाली, "जाऊ दे नीता. अरुणाचं चुकलं नाही. मी सामान बांधायला घेते."

शेवटच्या दिवशी सकाळीच बेल वाजली. दारात अरुणा. काही न बोलता तिने किल्ल्यांचा जुडगा माझ्यासमोर धरला. त्यात बगळा लटकत होता. बरोबर बगळ्याच्या पोटातून आरपार भोक.

"संजीवच्या ड्रिलने पाडलं," ती म्हणाली. संजीव तिचा नवरा. "काढ फोटो आणि टाक."

"अगं, पण नुसता शब्द दिला असतास तरी—"

"मोडला असता." तिचा आवाज चिरकला. "त्या दिवशी तुझ्याकडून घरी गेले ती आधी नेटवर बसले, नीता. चुंबकाचा डिंक कसा काढायचा ते शोधत होते. मी स्वतःला चांगली ओळखते. तोंडाने दिलेला शब्द माझ्याच्याने राहिला नसता."

मी तिला हाताला धरून आत घेतलं आणि पद्माकरला हाक मारली. पद्माकरने फोटो काढला. तासाभरात भाव सहा हजार, आठ, साडेनऊ. संपायला दहा मिनिटं असताना दोघं हट्टाला पेटले, आणि अकरा हजार चारशेला लिलाव मिटला. सविताने फोनवरच हंबरडा फोडला. मागून कादंबरीचा आवाज येत होता, आई, व्हॉट हॅपन्ड, टेल मी लाह.

अरुणा अजून आमच्या सोफ्यावरच बसली होती, पडद्यावरच्या त्या आकड्याकडे बघत.

"वाईट नाही वाटलं गं तुला?" मी विचारलं.

"वाटलं तर! भोक पाडून झाल्यावर बाथरूममध्ये जाऊन भरपूर रडले," ती म्हणाली. "आता चहा टाक. आलं घालून."