बुडणारं जाकीट

मी बोलतोय नगरजवळच्या सावेडीतल्या एका नव्या घराच्या खुंटीवरून. खिडकीबाहेर माळ आहे, त्यावर अजून पाच-सहाच घरं उठलीत, आणि दुष्काळाची धूळ दिवसभर आत येते. समुद्र इथून फार लांब. तरी मोरीत कुणी बादली ओतली, की माझे बंद आपोआप आवळल्यासारखे होतात.

मी समुद्रावर पहारा देणाऱ्या सरकारी लाँचवरचं जाकीट. पाण्यात पडलेल्या माणसाला वर धरून ठेवायचं, एवढ्याच कामासाठी मला जन्माला घातलं. खऱ्या संकटात मला एकदाच माणूस धरायला मिळाला. त्याचं नाव छगन.

माझ्या पोटात सावरीचा कापूस आहे. मुंबईच्या एका कारखान्यात बायकांनी तो हातानं पिंजून माझ्यात भरला, वरून नारिंगी जाड कापड शिवलं. तेव्हा मला हौदात टाकलं तर मी बदकासारखा वर बसायचो. मग मला कोकणातल्या एका बंदरावर पाठवलं. समुद्राच्या राखणीसाठी वेगळं दल तेव्हा नव्हतं. चोरटं सोनं, घड्याळं, कापड घेऊन येणारी गलबतं अडवायला कस्टम खात्याच्या जुन्या लाँची असत, आणि त्यांवर भरती झालेली साधी माणसं.

माणसांची एक सवय मी तिथं पाहिली. जी वस्तू संकटात उपयोगी पडायची, तिच्यावर ती रोज बसतात. खलाशी माझ्यावर बसून जेवायचे, मला उशाला घेऊन झोपायचे, इंजिनाचे तेलकट हात मला पुसायचे. माझ्यातला कापूस दबत गेला, त्याचे गोळे झाले, तेल आत झिरपलं. पावसाळ्यात मला ओलाच कोंबून ठेवत. हळूहळू मी आतून मेलो.

मग एकदा वरून तपासणी येणार अशी बातमी आली. बंदरावरच्या अधिकाऱ्यानं शिंपी बोलावला आणि आम्हा सगळ्या जुन्या जाकिटांवर नवं कापड चढवून घेतलं. मेलेल्याला कोरं धोतर नेसवतात, तसं. तपासणीवाले आले, ओळीनं टांगलेला लखलखीत नारिंगी रंग त्यांनी पाहिला, माना डोलावल्या, शहाळी पिऊन गेले. मला कुणी हातात उचलूनसुद्धा पाहिलं नाही.

छगन त्यानंतर आला. शेवगाव तालुक्यातल्या एका कोरड्या गावचा गडी. समुद्र त्यानं नोकरी लागल्यावरच पाहिला. पण गावच्या विहिरीत काठावरून मुटका मारून पोहणारा, त्यामुळे पाण्याला तो भीत नव्हता. त्याचं नवंच लग्न झालं होतं. बायको चांगुणा गावी सासऱ्याजवळ होती. लाँच नांगरावर असली, की तो माझ्यावर कोपर टेकून सोबत्यांना सांगायचा, "आमच्याकडं लोक पान्याला टिपं गाळत्यात, आन् हितं बघा, कुनाला पायजे न्हाई एवढं."

होळीच्या आधीची गोष्ट. पहाटे एका गलबताचा पाठलाग सुरू झाला. समुद्र खवळलेला होता. लाँच हाकणाऱ्या तांडेलानं हुकूम दिला, "जाकिटं घाला." दोघा-तिघांनी कंटाळा केला. छगननं मात्र मला अंगात घातलं, छातीशी बंद करकचून आवळले, वर गाठ मारली. गलबतानं एकदम तोंड फिरवलं, लाँच कलली, आणि छगन पाण्यात फेकला गेला.

आधी तो छान पोहला. हात मोठे टाकत होता. मग मी पाणी प्यायला लागलो. माझं मलाच कळत होतं की मी जड होतोय, आणि मला ते थांबवता येत नव्हतं. मी त्याच्या छातीवरून वर सरकलो, त्याच्या हनुवटीखाली आलो आणि त्याचं तोंड खाली दाबायला लागलो. त्यानं माझ्या कापडात बोटं खुपसली. "धर रं," तो मला म्हणाला. "धर की." नंतर त्यानं गाठ सोडायचा प्रयत्न केला, पण ओली गाठ सुटली नाही.

लाँच वळून आली तेव्हा आम्ही दोघंही वर नव्हतो.

बऱ्याच दिवसांनी कोळ्यांना आम्ही किनाऱ्याला सापडलो. त्यांनी मला कापून काढायला कोयता आणला, पण बंद तोवर सैल झाले होते. देह ठेवण्यासारखा राहिला नव्हता. तिथंच वाळूवर परक्या माणसांनी त्याला अग्नी दिला. गावाकडे तार गेली ती त्यानंतर.

खात्यानं अहवाल लिहिला. सैल झालेल्या बंदांवरून त्यात एक वाक्य होतं: मयतानं जाकीट हुकमाप्रमाणे बांधलं नव्हतं. म्हणजे चूक छगनची. गावी कुणी तरी तो अहवाल वाचून दाखवला आणि त्याच्या बापाचा अंगठा घेतला. मी बंदरावरच्या खोलीत एका कोपऱ्यात पडून होतो. ओलावा कधी वाळायचा, कधी पुन्हा धरायचा. आणि दार वाजलं की मला वाटायचं, तोच आला, गाठ सोडवायला.

पुढच्या दिवाळीनंतर सूर्यभान आला. तो सरकारच्या हिशेब तपासणी कचेरीतला. लाँचींवर काय सामान आहे आणि ते कामाचं आहे का, हे पाहायला त्याला पाठवलं होतं. अहवाल चाळताना तो छगनच्या गावाच्या नावापाशी थांबला. तो स्वतः त्याच नगर जिल्ह्यातला.

"हे जाकीट कुठंय?" त्यानं विचारलं.

अधिकाऱ्यानं कोपऱ्याकडे बोट केलं. सूर्यभाननं मला उचललं, आणि उचलतानाच त्याचा चेहरा बदलला. जाकीट इतकं जड नसतं. "पाण्यात सोडून बघू," तो म्हणाला.

"तुम्ही सामान बघायला आलात ना? सामान आहे," अधिकारी शांतपणे म्हणाला. "पाण्यात सोडायचा नियम कुठं आहे?"

सूर्यभान वाद घालत बसला नाही. मला ताब्यात घेतल्याची सही देऊन तो मला घेऊन निघाला. त्याच्या वरिष्ठांनी सांगितलं, की घरच्यांनीच अहवाल मान्य केलाय; त्यांनी नव्यानं तक्रार केली तरच चौकशी उघडेल. म्हणून संक्रांतीच्या सुमारास, रजा काढून, तो एस.टी.नं शेवगावला आणि तिथून पायी छगनच्या गावाला गेला. मी त्याच्या ट्रंकेत.

चांगुणा आणि तिचा सासरा कारभारी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होते. सूर्यभान त्यांच्याबरोबर दगडाच्या ढिगाशी बसला आणि मला बाहेर काढलं. कारभारीनं लांबूनच पाहिलं. चांगुणानं मात्र जवळ येऊन माझ्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. तिच्या हाताला दगडाची धूळ होती. छगन गेल्यापासून मला कुणी असा हात लावला नव्हता.

"तक्रार द्या," सूर्यभान म्हणाला. "मला वाटतं, हे जाकीट सडकं होतं."

कारभारी म्हणाला, "सायेब, मागं एका कागदावर अंगठा दिला, तर माझा पोरगा बेपर्वा ठरला. आता निसतं वाटतं म्हनून अंगठा न्हाई देनार. डोळ्यानं बघीन, मग दीन."

बघायचं म्हणजे पाणी हवं. गावातल्या विहिरींचा तळ उघडा पडला होता. प्यायचं पाणी टँकरनं येत होतं. सूर्यभान म्हणाला, "भंडारदऱ्याला जाऊ. धरणावर माझा ओळखीचा आहे, नियाज. होडी चालवतो."

आम्ही गेलो. धरणही आटलं होतं, काठाचा चिखल वाळून भेगाळला होता, पण मधे पाणी खोल आणि काळं होतं. ते पाहून कारभारी खाली बसला. एवढं पाणी त्यानं आयुष्यात एका जागी पाहिलं नव्हतं. धरणावरचे इंजिनिअर साक्षीला आले. नियाजनं वाळूचं पोतं भरून मला त्याभोवती बांधलं आणि होडीतून खाली सोडलं. आम्ही थोडा वेळ तरंगलो, मग गेलो. नियाजनं दोरीनं वर ओढलं.

"झालं," सूर्यभान म्हणाला. "लिहून घेऊ."

चांगुणा काठावरून म्हणाली, "पोतं म्हंजी मानूस न्हाई, सायेब. उद्या त्येच म्हनतील. म्हनतील, वाळूच होती, बुडनारच." तिनं पदर कंबरेला खोवला. "मला बांधा."

सगळे एकदम बोलायला लागले. इंजिनिअर नको म्हणाले. नियाज म्हणाला, "भाभी, पानी लई थंड हाय, आन् तुमाला पवता येत न्हाई."

"त्याला येत हुतं," ती म्हणाली. "त्याचं काय झालं?" मग सासऱ्याकडे वळली. "मामा, दोरी तुमच्या हातात धरा. दुसऱ्या कुनाच्या न्हाई."

कारभारीनं दोरी तिच्या कंबरेला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं.

मला तिच्या अंगावर चढवलं. तिचं काळीज माझ्या मागं धडधडत होतं. नियाजनं होडी खोल पाण्यात नेली आणि ती बाजूनं अलगद उतरली. पहिल्यांदा मी तिला धरलं, खरंच धरलं; तिचे डोळे माझ्यावरून वर, आभाळाकडे होते. आणि मग पुन्हा ते सुरू झालं. पाणी आत आलं. मी जड झालो, वर सरकलो, तिच्या हनुवटीला भिडलो. तिचे हात माझ्याकडे आले आणि कापडात नेमके तिथंच खुपसले गेले, जिथं छगनची बोटं खुपसली होती. त्या काळ्या पाण्यात मला कळेना, की माझ्यात आता कोण आहे. मला दोघांचाही श्वास ऐकू येत होता.

दोरीला हिसका बसला. कारभारीनं एकट्यानं ओढलं, नियाजला हात लावू दिला नाही.

काठावर ती बराच वेळ खोकत होती. मग बसल्या बसल्या म्हणाली, "मामा, त्यानं बांधलं हुतं. सैल आसतं तर निघालं आसतं. ह्ये वर चढतं आन् तोंड दाबतं. त्यानं हुकूम ऐकला न्हाई आसं लिव्हलंय ना? त्यानं ऐकला, म्हनून ग्येला. न्हाई तर तो पवत आला आसता."

कारभारीनं तोंडावर टॉवेल घेतला. नंतर त्यानं सूर्यभानकडे अंगठा पुढे केला, शाई मागण्यासाठी.

चौकशी उघडली. चांगुणानं मुंबईला जाऊन, साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून, पाण्यात काय झालं ते सांगितलं. त्या बंदरावरची सगळी जाकिटं समुद्रात सोडली, बहुतेक सगळी बुडाली. अधिकाऱ्याची बदली झाली, त्याहून काही नाही. पण अहवालातलं ते वाक्य काढलं, आणि त्या जागी लिहिलं की मयतानं हुकमाचं पालन केलं होतं.

ते सांगायला सूर्यभान पुन्हा गावी आला. या खेपेला कारभारीनं मला मागितलं. "पोराला अग्नी परक्यांनी दिला. ह्येला तरी मी देतो. त्याचं शेवटचं कापड हाय." सूर्यभानला नाही म्हणवेना. ओढ्याच्या कोरड्या वाळूत गोवऱ्या रचल्या, मला वर ठेवलं. मला बरं वाटलं. आता हे सगळं संपेल असं वाटलं.

कारभारी काडी ओढणार, तोच चांगुणानं विचारलं, "सायेब, दुसऱ्या बंदरांवरची जाकिटं बघितली का?"

"अजून नाही. अहवाल वर गेलाय. हुकूम यायला वेळ लागेल."

"मंग तवर तिकडली मानसं?"



तिनं मला गोवऱ्यांवरून उचललं आणि त्याच्या हातात दिलं. "ह्ये घेऊन जावा. जितं जाल तितं सायबांच्या म्होरं पान्यात सोडा. कागद वाचनार न्हाईत, पन ह्ये बुडलेलं बघतील." मग ती सासऱ्याला म्हणाली, "मामा, ऱ्हाऊ द्या. त्याचीच नोकरी हाय ही."

कारभारी उभा राहिला, विळा घेतला, छगननं ज्याची गाठ मारली होती तो माझा एक बंद कापला आणि गोवऱ्यांवर ठेवून काडी लावली. तो जळेपर्यंत तिघंही उभे होते.

तेव्हापासून मी हिंडतोय. सूर्यभान सुट्टीला नगरला आला, की मला या खुंटीवर टांगतो. उद्या पुन्हा ट्रंकेत घालून किनाऱ्याकडे नेईल. प्रत्येक बंदरावर मला धक्क्यावरून सोडतात. प्रत्येक वेळी मी खाली जातो, आणि प्रत्येक वेळी ती बोटं मला धरतात. मग एखादा अधिकारी आपल्या लाँचवरची जाकिटं आणायला माणूस धाडतो. एखादा घड्याळ बघतो आणि निघून जातो.

मला आता विसावा नको. फक्त एवढंच मागणं आहे. तुमच्या हाती कुणी असं कोरं, नारिंगी जाकीट दिलं, तर अंगात घालण्याआधी ते पाण्यात टाका. बुडालं, तर त्याला एकट्यालाच बुडू द्या.