दमयंतीची वेणी

कुंदापूरच्या यक्षगान मंडळीत ऐतप्पा शेट्टीनं उभा जन्म बाईचं सोंग घेतलं होतं. त्या संध्याकाळी रंगपटात तो अर्धामुर्धा दमयंती होऊन बसला होता, तेवढ्यात सुब्राय हेगडे नावाचा सुपारीबागवाला मोगऱ्याची वेणी घेऊन आत शिरला.

"तुमच्या फलकावरची ही बाई कुठाय?" त्यानं मोबाइल पुढे केला. "ही माझी सुमना. लग्न ठरलंय आमचं मोबाइलवर, पण आता फोनच उचलत नाही."

फोटो ऐतप्पाचाच होता. कुण्या भामट्यानं तो उचलून खोटं खातं काढलं होतं.

"ती बाई मीच," तासलेल्या गालावरून हात फिरवत ऐतप्पा म्हणाला.

रंगपट हसून लोळला. ऐतप्पाची छाती मात्र फुगली. "हसता काय रे? अठ्ठावन्नाव्या वर्षी मला नवरा चालून आलाय! तुमच्या दारात कुत्रं तरी फिरकतं का?"

सुब्राय खाली मान घालून म्हणाला, "रूपाला नाही भुललो, अण्णा. आमच्या आडगावात मुलगी द्यायला कुणी तयार नाही. ही रोज विचारायची, आज बागेत फार दमलात का? असं मला कुणी विचारत नाही."

हशा विरला. ऐतप्पानं वेणी त्याच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या अंबाड्यात माळली.

"पहिल्या रांगेत बसा, हेगडे. खरी दमयंती आज बघाल. आणि खेळ संपला की इथेच या. जन्मभर लोकांना फसवत आलोय मी, पण रंग उतरवताना दार कधी लावलं नाही."