हिरवा दिवा विझला तेव्हा

मित्रांनो, शर्यतीच्या गाडीच्या डिकीत, पांढऱ्या टाकीखाली बसवलेला एक जुना पंप मी. बक्षिसाच्या फोटोत इंजिन असते, चालक असतो. डिकी मात्र बंदच असते.

माझे काम सांगतो. असले इंजिन हवा कोंबून कोंबून आत घेते. कोंबलेली हवा तापते, आणि फारच तापली तर पेट्रोल वेळेआधी पेटते. मग आतले दट्टे, म्हणजे पिस्टन, वितळू लागतात. म्हणून मी मिथेनॉल आणि पाणी यांचे बारीक धुके त्या हवेत फवारतो. ती थंड होते आणि इंजिन निभावते.

मिल्डुरा गावच्या डेस टकेट यांनी मला बसवले. इंजिनही त्यांनीच बांधलेले. पुढे त्यांचे हात थरथरू लागले, साधा नट धरवेना. दुसरे इंजिन आता त्यांच्याकडून होणार नव्हते. घरात हे सगळ्यांना ठाऊक होते, पण कुणी बोलत नसे. गाडी त्यांची मुलगी ब्रॉनविन चालवू लागली. डेसनी तिच्यासमोर एक हिरवा दिवा लावून दिला. माझा दाब पुरेसा असेल तरच तो जळे.

"विझला की पाय उचलायचा," ते तिला म्हणत. "का विझला ते मागाहून बघू."

अंतिम फेरीच्या दुपारी डांबर चपलांना चिकटत होते. टाकी निम्मी रिकामी, आणि मिथेनॉलचा डबा घरीच राहिलेला. ब्रॉनविनचा भाऊ केल याने काच धुण्याचे निळे पाणी टाकीत ओतले. त्यातही मिथेनॉल असतेच, सगळे असेच करतात, असे म्हणत त्याने झाकण लावले आणि सॉसेज-पाव आणायला गेला. त्या बाटलीत साबण होता.

गाडी सुटली. टाकी हिंदकळली आणि साबणाला फेस आला. मी ओढले, तर नुसते बुडबुडे. पुन्हा ओढले. दाब घसरत गेला. पुढे हवा तापत होती आणि मला ओरडता येत नव्हते. ब्रॉनविन निम्म्या गाडीने पुढे होती. समोर शेवटची रेघ.

दिवा विझला.

तिने पाय उचलला. शेजारची गाडी सपकन निघून गेली.

केल तणतणत आला. "दिवे बघायला आली होतीस का, बाईसाहेब? जिंकत होतीस तू."

डेसनी माझी नळी त्यालाच सोडायला लावली. निळा फेस त्याच्या मनगटावरून ओघळला, तशी त्याची मान खाली गेली. डेसनी ब्रॉनविनला इंजिन सुरू करायला सांगितले आणि वाकून, डोळे मिटून ऐकत राहिले.

"शाबूत आहे," ते अखेर म्हणाले. मग एक खोके ओढून बसले. "केल, पाने घे. पंप खोलून धुवायचाय. मी सांगतो, तू कर."

मित्रांनो, त्या संध्याकाळी मला पहिल्यांदाच केलचे हात लागले. त्याला काही येत नव्हते, पण तो दर वेळी विचारून करत होता. आम्हा मुक्या वस्तूंची एवढीच विनवणी आहे: आमच्यात काय ओतता ते आधी बघा, आणि कळत नसेल तर जाणत्याला विचारा, तो शेजारी बसलेला आहे तोवर.