अकरा मिनिटांचा धवळा

मी एक जुना रेकॉर्डर आहे, मित्रांनो. काड्यापेटीहून थोडा लांब, अंगाने काळा आणि डाव्या कुशीत फुटलेला. बटण दाबलं की कपाळावरचा लाल दिवा मात्र अजून लागतो. मला डोळे नाहीत, नुसता कान आहे. म्हणून मी जे सांगेन ते सगळं ऐकलेलं असेल. माझ्या गोष्टीत मारहाण आहे, रक्त आहे. ते मी गाळणार नाही. ऐकलेलं गाळायचं नाही, एवढंच तर मला शिकवलंय.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने मला ओठांशी धरलं आणि तिच्या भाषेत एक, दोन, तीन असं म्हटलं. तो मी ऐकलेला पहिला आवाज. मग खोक्यात बसून मी ठाण्याला आलो, नौपाड्यातल्या एका छोट्या कचेरीत. खाली शिंप्याचं दुकान होतं. दिवसभर मशीनची टकटक वर यायची आणि माझ्या पोटात जाऊन बसायची.

त्या कचेरीचं काम मोठं होतं. कितीतरी देशांतली माणसं मिळून एक मागणी करत होती. श्रीमंत देशातल्या माणसाला जे औषध मिळतं, ते आमच्या खाडीकाठच्या माणसालाही मिळालं पाहिजे, हीच ती मागणी. मागणीच्या कागदावर आकडे पुष्कळ होते. ज्यांना औषध मिळालं नाही त्यांचा आवाज मात्र कुठेच नव्हता. तो गोळा करायचं काम कचेरीतल्या संचिताकडे आलं. तिने माझ्यासाठी जुन्या साडीची पिशवी शिवली आणि माझ्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवली: ‘ज्याचा आवाज, त्याची परवानगी.’

तेव्हा माझं कौतुक फार. कागदावर आवाज उतरवून घेणारा अनिमेष म्हणायचा, “याला कुजबूजसुद्धा ऐकू येते रे बाबा, याच्यासमोर बॉसला शिव्या देऊ नका.” मी शहाडला गेलो. तिथे एक कामगार तीन शब्द बोलून दहा वेळा खोकला. कल्याणच्या एका चाळीत एका बाईने आधी सांगितलं, न्हाणीत पडले. मग तिच्या नवऱ्याची पावलं लांब गेली आणि ती म्हणाली, “औषधाला पैसे मागितले म्हणून त्याने लाटणं घातलं.” मित्रांनो, आजारपणाच्या गोष्टी टिपताना मी मार किती ऐकला! जिथे औषध पोचत नाही तिथे हात पोचतात.

आता त्या दुपारचं सांगतो.

कोपर स्टेशनच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, एक जुनं आगरी गाव आहे. तिथल्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात सुमती सिस्टर एकट्याच असत. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. जानेवारी होता. भात झोडून झालं होतं, पेंढा रचायचं काम चालू होतं. संचिताने मला टेबलावर ठेवलं. दिवा लागला.

“सापावरच्या औषधाचं सांगा ना, सिस्टर.”

“काय सांगू? माणसाला विष चढलं तर सुरुवातीलाच दहा कुप्या लागतात. माझ्याकडे आहेत दोन. तीन पत्रं पाठवलीत मी.”

“मग कपाटात एवढी खोकी कसली?”

“रिकामी आहेत गं. टाकत नाही मी. तपासणीला साहेब आले की दाखवते, एवढी वापरली, एवढी द्या. मागच्या खेपेला साहेब काय म्हणाले माहितीये? वा, कपाट किती छान लावलंय!”

दोघी हसल्या. ते हसू माझ्यात अजून आहे. त्याच्या पाठोपाठ दारात रिक्षा थांबली आणि एक म्हातारी ओरडली, “सिस्टर! माजे कालूला घोनस चावली गो!”

ती लक्ष्मीआजी. पेंढ्याचा भारा उचलताना तिच्या लेकाला, काळुरामला, साप चावला होता. मी सुमती सिस्टरांची पावलं ऐकली. आधी चपला वाजत होत्या, मग त्या सुटल्या आणि नुसते तळवे वाजू लागले. त्यांनी दोन्ही कुप्या फोडल्या, सलाईन लावलं. फोनवर त्या ओरडत होत्या, “अँब्युलन्स पाठवा हो, आणखी आठ लागतील, माणूस जातोय!” अँब्युलन्स येईपर्यंत पाऊण तास गेला. काळुरामचा श्वास माझ्यापासून दोन हातांवर होता. तो आधी करवतीसारखा चालला, मग अडखळला, मग थांबला.

त्यानंतर दवाखाना भरला. कुणीतरी कपाट उघडलं. रांगेने लावलेली खोकी दिसली.

“ही बघा खोकी! एवढा साठा हाय आन् म्हनं औषध नाय!”

“लपवून ठेवलं! विकायला ठेवलं हिने!”

“अहो, रिकामी आहेत, उघडून तर बघा...” सिस्टरांचं वाक्य तिथेच तुटलं. कुणीही एकसुद्धा खोकं उघडलं नाही.

काच फुटली. मग दुसरी. टेबल कलंडलं, मी जमिनीवर आपटून कपाटाखाली सरकलो. माझा दिवा चालूच होता. संचिता “मारू नका, मारू नका” म्हणत होती, तिच्या गालावर पडलेली चपराक मी ऐकली. सलाईनचा लोखंडी दांडा हवेत सणसणला आणि सिस्टरांवर पडला. मित्रांनो, हाड मोडल्याचा आवाज वाळल्या काटकीसारखा नसतो. तो ओला असतो. दांडा पुन्हा उठला, पुन्हा पडला. मग एक तरुण आवाज घाबरून ओरडला, “विकी, बस कर ना! मरेल ती, विकी!”

विकी म्हणजे काळुरामचा मुलगा, लक्ष्मीआजीचा नातू. चोवीस वर्षांचा. बापाच्या उशाशी बसून थोड्याच वेळापूर्वी तो “पप्पा, पप्पा” करत होता. तोच आवाज आता दर फटक्याला आईवरून शिवी देत होता.

दवाखान्याला कुलूप लागलं. सिस्टरांचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. मार मागून बसला होता, त्यामुळे कुणी मारलं ते त्यांना सांगता येईना; संचिता गर्दीत खाली पडली होती, तिनेही पाहिलं नव्हतं. पोलिसांनी लिहिलं, अनोळखी जमाव. गाव गप्प. आणि सगळीकडे एकच बोललं जाऊ लागलं की सिस्टरने औषध लपवलं, म्हणून काळुराम गेला. सिस्टर परत यायच्या नाहीत, दुसरी कुणी यायला तयार नाही. आता त्या गावात कुणाला साप चावला तर दोन कुप्यासुद्धा नव्हत्या.

संचिताने मला कपाटाखालून ओढून काढलं होतं, आणि खऱ्याचा पुरावा फक्त माझ्या पोटात होता.

“पोलिसांना देऊन टाक,” अनिमेष म्हणाला.

“देणारच आहे. पण यात एका आईच्या मुलाचा शेवटचा श्वास आहे. तिला आधी नको ऐकवायला? पट्टी काय नुसती शोभेला लावलीय आपण?”

“तुझ्या गालाची सूज तरी उतरू दे आधी.”

“सूज उतरेल रे. कुलूप नाही उतरायचं.”

काळुरामचं तेरावं झाल्यावर संचिता मला घेऊन लक्ष्मीआजीच्या अंगणात गेली. बायका सुकट निवडत होत्या.

लक्ष्मीआजी त्या पंचक्रोशीतली धवळारीण. आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत एकेक विधी गाण्यातून लावणारी बाई म्हणजे धवळारीण, आणि तिचं गाणं म्हणजे धवळा. नवरा-नवरीची, त्यांच्या आईबापांची नावं ती त्यात गुंफते. आजीच्या सासूने तिला एकच गोष्ट बजावली होती. धवळा सुरू झाला की मधे तोडायचा नाही, कुणीही, कशासाठीही. विकी लहानपणी ताप असतानासुद्धा तिच्या मांडीवर धवळा संपेपर्यंत रडत नसे, असं बायका सांगत. वैशाखात विकीचंच लग्न ठरलं होतं. त्याचा धवळा आजीने मनात कधीचा रचून ठेवला होता.

“आवाज हाय म्हनतेस माजे कालूचा?” आजीने विचारलं. “ऐकव.”

“आजी, त्यात दुसरंही आहे. वाईट आहे.”

“माज्यापुढं आता वाईट काय ऱ्हायलंय गो बाय? ऐकव.”

संचिताने बटण दाबलं. सिस्टरांचं हसू आलं, रिकामी खोकी आली, तीन पत्रं आली. करवतीसारखा श्वास आला. सुकट निवडणारे हात थांबले. मग काच, चपराक, दांडा, ओलं हाड. आणि “विकी, बस कर ना.”

आजी रडली नाही. म्हणाली, “आता माजा पन आवाज घे. पन मना तुज्यासारखं बोलाला नाय येत. मी गातंय.”

लाल दिवा लागला. आणि मित्रांनो, तिने लग्नाच्या चालीवर मरण गायला सुरुवात केली. असं कुणी केलं नव्हतं.

“खाडीचे गो काठाला, पेंढ्याची रास,
तिथं माजे कालूचा, घोनशीनं घास.
दवाखानी जायाला, केली मी घाय,
कपाटान् कुप्या दोन, तिसरी नाय.”

तेवढ्यात, कुणीतरी विकीला कळवलं असणार, फाटकाशी बाईक थांबल्या. संचिताची स्कूटर दगडावर आपटली, तिच्या आरशाची काच खळ्ळकन फुटली. “कुठे आहे ती मशीन? आमचा आवाज घेऊन फिरते काय!” विकी आत आला. त्याची लाथ संचिताच्या हातावर बसली. मी उडालो, ओट्यावर आदळलो, आणि माझी डावी कूस फुटली ती तेव्हा.

आजी थांबली नाही.

“सुमती गो बाय माजी, पलाली अनवानी,
व्हट तिचे सुकले न् डोल्यान् पानी.
जिचे गो हातानी, सुई टोचली,
तीच माजे पोरानी, भुईवर लोटली.”

“आजे, बंद कर.” विकीची काठी माझ्या अगदी वर होती, तिच्या टोकाचा वारा मला लागला. “आजे, तोडीन हां मी ती मशीन!”

ती गातच राहिली. काठी वर थांबली. त्याचे मित्र म्हणत होते, “अरे मार ना, काय बघतोस?” पण धवळा चालू होता, आणि तो त्या मांडीवर वाढलेला होता.

“कालूचा विकी गो, मांडवान् आला,
हलदीचे जागी त्याचा, हात लाल जाला.”

किती वेळ गायली ती! काळुराम लहान असतानाचं गायली, मिठागराचं गायली, सिस्टरांनी गावातल्या कुणाकुणाला वाचवलं त्यांची नावं गायली. मग थांबली.

“आजे,” विकीचा आवाज फाटला होता, “ह्यो धवळा माजे लग्नाचा व्हता ना?”

“व्हता. गायला. तुज्यासाठी दुसरा नाय माज्याकडं.”

काठी जमिनीवर पडली. मला कुणीतरी उचललं.

“चालू आहे हे?”

“चालू आहे,” संचिता म्हणाली. तिच्या मनगटाला लागलं होतं, आवाजातून कळत होतं.

“मग माझं पण घे. मी विकी काळुराम म्हात्रे. सिस्टरचा हात मी मोडला. खोकं उघडून बघितलं नाही.”

दुसऱ्या दिवशी त्याने पोलिसांतही तेच सांगितलं. ती केस अजून चालू आहे, तो जामिनावर आहे.

कचेरीत अनिमेषने माझं ऐकून कागदावर लिहिलं: ‘इथे आजी गाणं म्हणतात, अकरा मिनिटे, वगळावे.’ नौपाड्यात वाढलेला तो, त्याला वाटलं अनुभव गाण्याच्या आधी आणि नंतर आहे. संचिताने तो कागद त्याच्यासमोर फाडला. औषधाच्या त्या मागणीसाठी परदेशात मोठी सभा होती, तिच्यासाठी दोनच मिनिटं मागितली होती. तिने कळवलं की धवळा मधे तोडता येत नाही, घ्यायचा तर अख्खा घ्या. त्यांनी अख्खा ऐकला. त्याने जग बदललं असं मी म्हणणार नाही. पण गावानेही तो ऐकला. मग बायकाच कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला निघाल्या, आणि पाच महिन्यांनी कुलूप निघालं. आता कपाटात दहा कुप्या असतात. कधी आठ असतात, तेव्हा बायका पुन्हा निघतात.

विकीचं लग्न दोन वर्षांनी झालं. धवळारीण दुसऱ्या गावची आणली होती. आजी गायली नाही. संचिताच्या पिशवीत मीही होतो. सुमती सिस्टर मांडवाच्या दाराशीच उभ्या होत्या, आजी स्वतः बोलवायला गेली म्हणून आलेल्या. हळदीची वाटी फिरली तेव्हा आजी म्हणाली, “थांबा. आधी हितं.” आणि, संचिताने नंतर सांगितलं, तिने सिस्टरांचा तो न वळणारा उजवा हात पुढे ओढून पहिली हळद त्याला लावली. नवऱ्याला नंतर.

मित्रांनो, आता सगळ्यांकडे फोन आहेत. मी ड्रॉवरमध्ये पडून असतो, पिनांच्या डबीशेजारी. त्याचं मला वाईट वाटत नाही. फक्त एक विनवणी आहे. तुमच्यासमोर कुणी रडत, अडखळत, नाहीतर गातसुद्धा आपलं दुखणं सांगू लागलं, तर हात उचलण्याआधी ते पुरतं ऐका. आणि खोकं बंद दिसलं तर उघडून बघा.