पकडून नेलेल्या खलाशांचं कीर्तन

जर्मनीतल्या बॉनच्या मराठी मंडळात अकरा वर्षं कीर्तन मीच केलं. यंदा त्यांनी तिशीच्या केयाला उभं केलं. उत्तररंगात तिने आख्यान लावलं ते इंग्रजी आरमाराचं: अमेरिकी जहाजं अडवायची, खलाशी ओढून न्यायचे, आपल्या तोफांवर जुंपायचे. १८१२चं युद्ध पेटायला हेही एक कारण झालं.

“पुराणं संपली वाटतं,” मी कुजबुजलो.

“अहो, ऐकू द्या!” बायको म्हणाली.

माझ्या कीर्तनात मोबाइल चाळणारा आमचा मुलगा मिलन पुढे सरकून ऐकत होता. खलाशाच्या आईचं पद आलं आणि माझेही डोळे भरले. तरी जळत होतोच.

शेवटी मी तिच्या पायांशी वाकलो.

“काका, तुम्ही कशाला?” केया मागे सरली.

“थांब गं. नारदाची गादी आहे ही. नमस्कार करायलाच हवा.” उठता उठता म्हटलं, “पुढच्या वर्षी मात्र मीच उभा राहणार हं!”