शुक्रावरची टपालवाली

निवृत्त माणसानं गराजमध्ये काय करावं, याबद्दल अमेरिकेतल्या डुलुथ गावाचे फारसे आग्रह नाहीत. कोणी होडी बांधतो, कोणी बायकोपासून लपून बसतो. व्हर्लिन सुंडक्विस्ट बायकोसकट बसत असे, हीच काय ती त्याची बदनामी.

तो आणि आर्डिस परग्रहवासीयांचे पोशाख करत. दर मे महिन्यात तळ्याकाठच्या हॉटेलात विज्ञानकथावेड्यांचं संमेलन भरे. तिथे ही दोघं व्हॅक्यूम क्लीनरची नळी, पिठाची चाळणी, शाम्पूची झाकणं आणि नाताळच्या दिव्यांची माळ अंगावर चढवून अत्यंत गंभीर चेहऱ्यानं वावरत. व्हर्लिननं आयुष्यभर विमा विकला होता, त्यामुळे गांभीर्य अंगवळणी पडलेलं.

कामाची वाटणी ठरलेली होती. थर्मोकोल कापणं, तासणं आणि त्यावर पांढऱ्या डिंकाचे थर देणं आर्डिसकडे. थर वाळले की ती वस्तू खिडकीजवळच्या फळीवर ठेवी. फळीवर आली की वस्तू व्हर्लिनची. मग तो स्प्रेनं रंग मारी आणि नव्या कोऱ्या रंगावर प्रेमानं खोटे ओरखडे नि खोटा गंज काढत बसे. डिंकाशिवाय स्प्रे मारला तर रंग थर्मोकोल खाऊन टाकतो, हे या छंदातलं बालवाडीचं ज्ञान. संमेलनात नवशिक्यांसमोर व्हर्लिनचं त्यावर दर वर्षी व्याख्यान असे.

"आधी डिंक," तो म्हणे, "मग हिंमत."

मागच्या रांगेतून आर्डिस ओरडे, "आणि डिंक कोण लावतं, तेही सांग की."

दर वर्षी तोच विनोद, आणि दर वर्षी सगळे हसत.

यंदाचा बेत तिचाच होता. ती शुक्रावरची टपालवाली, आणि तो तिच्या पोटरीवर डोळा ठेवून असलेला शुक्रावरचा कुत्रा. "तुला काही पाठ करावं लागणार नाही," ती म्हणाली होती. कुत्रा शेपटीसकट तयार झाला. टपालवालीचं हेल्मेटही तासून झालं, कानांच्या जागी दोन इवले पंख असलेलं. आणि फेब्रुवारीत एका सकाळी कॉफी ओतता ओतता आर्डिस स्वयंपाकघरात खाली बसली, ती उठलीच नाही.

तिची धाकटी बहीण लव्हॉन दुःख झालं की झाडू हातात घेते. तिनं सगळं घर आवरून दिलं, गराजसुद्धा.

बर्फ वितळल्यावर व्हर्लिन पहिल्यांदा गराजमध्ये शिरला. हेल्मेट फळीवर होतं. फळीवर होतं म्हणजे तयार होतं. इतक्या वर्षांत त्यानं कधी बोट लावून पाहिलं नव्हतं. बायकोनं वाढलेलं ताट मिठासाठी आधी चाखून बघणाऱ्यातला तो नव्हता.

"बघ हं आता," तो म्हणाला, आणि हेल्मेट टेबलावर ठेवून, चंदेरी रंगाचा डबा खळखळवून त्यानं बटण दाबलं.

बारीक चुरचुर झाली. डाव्या पंखानं मान टाकली. कपाळावर खड्डे पडायला लागले. व्हर्लिननं फुंकर मारली, लहान मुलाच्या गुडघ्यावर मारतात तशी. मग बाहीनं पुसायला गेला, तर तिच्या हातानं तासलेला अर्धा गाल बाहीबरोबर निघून आला.

लव्हॉन ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाटे-खिम्याच्या हॉटडिशचं झाकलेलं भांडं घेऊन दारात उभी होती. "व्हर्लिन, गरम आहे तोवर खाऊन घे." मग तिला टेबल दिसलं. "अरे, हे काय झालं?"

"रंगानं घात केला."

"मी तर किती जपून ठेवलं होतं ते. टेबलावर उघडं पडलं होतं, म्हटलं कोणाचा तरी धक्का लागेल. म्हणून वर फळीवर ठेवलं. ती तयार वस्तू तिथंच ठेवायची ना?"

व्हर्लिन तिच्याकडे बघत राहिला. लव्हॉनचं नाक अगदी आर्डिससारखं होतं. हे इतक्या वर्षांत त्याच्या लक्षात आलं नव्हतं, आणि आज यायला नको होतं.

"तिथंच ठेवायची," तो म्हणाला. "बरं केलंस."

"मग बिघडलं कसं?"

"रंगाचा डबा जुना होता. आण ते भांडं इकडे."

संमेलनात टपालवालीशिवायचा कुत्रा रंगमंचावर आला. त्याच्या तोंडात अर्धं हेल्मेट होतं. त्यानं ते मधोमध ठेवलं आणि शेजारी बसला. एवढंच त्याला करायचं होतं. नळीची शेपटी जरा वेळ हलत राहिली. ती स्प्रिंगवर होती, तिला थांबवायची सोय नव्हती.

पोशाखांच्या स्पर्धेचा परीक्षक क्लेटन त्याच्याच व्याख्यानांतला जुना विद्यार्थी. त्यानं वाकून हेल्मेट पाहिलं आणि माइक हातात आहे हे विसरून म्हणाला, "सर, हे खाल्लं गेलंय. डिंक नव्हता लावला?"

सभागृहात हशा पिकला. पहिल्या रांगेत लव्हॉन हसली नाही. तिनं फळीवर ठेवणारे आपले दोन्ही हात मांडीत घेतले आणि त्यांच्याकडे बघायला लागली.

"राहिला लावायचा," व्हर्लिन घाईघाईनं माइककडे तोंड करून म्हणाला. "माझ्याकडून राहिला. माझ्याकडेच होतं ते काम."

तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी निव्वळ सवयीनं ओरडलं, "आणि डिंक कोण लावतं, तेही सांग की."

या वेळी कोणी हसलं नाही. सगळे कुत्र्याकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिले. कुत्र्याला काही पाठ नव्हतं. त्यानं हेल्मेट अलगद दातांत उचललं आणि तो खाली उतरून लव्हॉनच्या पायाशी जाऊन बसला.