चौथा खण

"कोणत्या गाढवानं ठोकलाय हा खिळा, काय कळंना."

डोक्यावरून कुरकुर आली आणि पाठोपाठ मूठभर माती पिठाच्या परातीत पडली. सरुबाईनं परात चुलीच्या आडोशाला ओढली, पदरानं तोंड पुसलं आणि वर पाहिलं. कौलं काढलेल्या जागेतून नवऱ्याचे दोन धुळकट पाय आणि त्यामागं वैशाखातलं आभाळ दिसत होतं. ते गाढव कोण हे तिला पक्कं ठाऊक होतं. लेकाच्या, महेशच्या, बारशाच्या आदल्या आठवड्यात हेच पाय असेच वर होते आणि हाच माणूस खिळे ठोकत सुताराच्या नावानं बोटं मोडत होता. तिनं काही ती आठवण करून दिली नाही. वर चढलेल्या माणसाला खालून टोचू नये.

कोंडाजीला दुसऱ्याच्या हाताचं काम पटत नसे. सायखेड्याच्या पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या मोटारी त्यानं तीस वर्षं दुरुस्त केल्या आणि त्या नादात जगातली कुठलीही वस्तू आपल्याला करता येते असा त्याचा समज झाला. घरातलं फडताळ त्याचं, न्हाणीचा दरवाजा त्याचा, पलंगही त्याचाच. पलंगाचे तीन पाय एकमतानं उभे राहात, चौथ्याखाली कायम कौलाचा तुकडा. पाहुणा आला की सरुबाई त्याला आधीच सांगून ठेवायची, कडेला बसू नका म्हणून. आता चौसष्टाव्या वर्षी तो घराचं छप्पर बदलायला निघाला होता, गडी न लावता. कौलं काढायची, लोखंडी पाईप टाकायचे, त्यावर पत्रे. हाताखाली बायको आणि सून.

सून म्हणजे प्रतिभा. ती अंगणात उभी राहून कोंडाजीनं सोडलेली कौलं अलगद झेलत होती आणि भिंतीशी रचत होती. पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडायला जायची ती. सीझन संपला होता, म्हणून घरी होती.

पत्रे नवे नव्हते. दोन वर्षांच्या वर ते घराच्या मागच्या भिंतीला टेकून, ताडपत्रीखाली उभे होते. महेशनं आणले होते ते, लग्नानंतर चारच महिन्यांनी. एकूण चोवीस. एका खणाला दोन्ही उतारांचे मिळून सहा पत्रे लागतात. घर तर तीनच खणांचं, मग अठरा पुरे होते. वरचे सहा चौथ्या खणासाठी. पूर्वेच्या भिंतीला लागून तो नवा खण काढायचा, त्यात आपण दोघं राहायचं, असा त्याचा बेत होता. प्रत्येक पत्र्यावर त्यानं मार्करनं आकडा टाकला होता आणि एकोणीसपासून पुढच्या आकड्यांशेजारी 'प्र' लिहिलं होतं. सरुबाईनं तेव्हा विचारलंही होतं, हे काय रे? तर म्हणाला, हिशेब चुकायला नको. कानापर्यंत लाल झाला होता.

दिवाळीनंतर चढवू म्हणाला. दिवाळीआधी ताप आला. डेंग्यू निघाला. चौथ्या दिवशी नाशिकच्या दवाखान्यातून त्याला गाडीत घालून आणला, तेव्हा प्रतिभाच्या हातातला हिरवा चुडा अजून नवा दिसत होता.

तेव्हापासून त्या ताडपत्रीला कुणी हात लावला नव्हता. आणि घरात एक शब्द बंद झाला होता. गेला, असं महेशबद्दल कुणी म्हणत नसे. महेश होता तेव्हा, त्या दिवाळीच्या आधी, ते झालं त्या साली, असं वळसा घालून बोलायचं. तिघांनी मिळून ठरवलं नव्हतं, पण पाळलं मात्र तिघांनी.

मग आता अचानक पत्रे का निघाले, हेही तिघांना ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी प्रतिभाच्या भावाचा, ललितचा, सरुबाईला फोन आला होता. सरुबाईला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिचा फोन कायम स्पीकरवर. ललितनं बिचाऱ्यानं आवाज उतरवून, जपून विषय काढला, आणि तो जपून काढलेला विषय अख्ख्या घरात घुमला. सिन्नरला कारखान्यात नोकरी करणारा एक मुलगा होता. बायको बाळंतपणानंतर वारली, पाच वर्षांची मुलगी. माणसं सरळ होती. त्यांनी प्रतिभाला पाहिलं होतं आणि त्यांचा होकार होता. प्रतिभालाही विचारून झालं होतं. मुलगा वाईट नाही एवढं ती म्हणाली होती, आणि पुढं एकच.

"ती म्हणती, त्या दोघांना टाकून मी पाय काढणार नाय," ललित म्हणाला. "आई, तुमच्या तोंडून आल्याशिवाय ती हलायची नाय. रविवारी मी येतो. तेवढं बोला तिच्याशी."

कोंडाजी मोरीवर हात धूत होता. प्रतिभा ओट्यावर मेथी निवडत होती. सरुबाईनं फोन बंद केला आणि भिंतीकडे बघत सांगितलं की ललितचा फोन होता, सगळे बरे आहेत. कोंडाजी "बरं" म्हणाला. प्रतिभानं मेथीच्या काड्या गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कोंडाजीनं शिडी लावली.

पहिल्या दिवशी कौलं उतरली. दुसऱ्या दिवशी वासे निघाले आणि जन्मभर अंधारलेलं स्वयंपाकघर एकदम उघडं पडलं. सरुबाईला लाजल्यासारखं झालं. पस्तीस वर्षांची काजळी, डब्यांच्या मागची जळमटं, कुठल्याशा साली दडवलेली आणि मग विसरलेली साखरेची बरणी. छपरातून पडलेला कचरा तिनं झाडून एका जागी केला आणि गव्हाची चाळण घेऊन ती त्यापाशी बसली.

"काय शोधू राहिली?" कोंडाजीनं वरून विचारलं.

"खिळे," ती म्हणाली. "जुन्या लोखंडाचे येतात की."

ती चाळत राहिली. माती खाली जायची, वर उरायचे कौलाचे कपचे, चिंचोके, उंदरांनी नेलेली भुईमुगाची टरफलं. थोड्या वेळानं प्रतिभा येऊन शेजारी बसली. तिनं ओंजळभर कचरा चाळणीत टाकला आणि हळूच म्हणाली, "दात ना, आई?"

सरुबाईचा हात थांबला.

महेशचा दुधाचा दात पडला की तो त्याच्या मुठीत देऊन त्याला अंगणात उभं करायची ती. उंदीरमामा, माझा जुना दात घे, तुझा नवा दे, असं म्हणून कौलांवर भिरकवायचा. प्रत्येक वेळी तो विचारायचा, उंदीरमामाला सापडंल ना? हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं बायकोला सांगितलेलं दिसत होतं.

"एक दात कणसाबरोबर गिळला म्हणायचे," प्रतिभा म्हणाली. "त्याचा नवा दात यायचाच नाय म्हणून दोन दिवस रडले."

"दोन नाय, चार," सरुबाई म्हणाली. "आणि हे त्याला सांगत बसले, मी करून देतो लाकडाचा."

दोघी हसल्या. हसता हसता सरुबाईनं सुनेकडे पाहिलं. दुपारचं ऊन थेट चुलीपर्यंत आलं होतं. या घरात आल्यापासून ही पोरगी तिनं चुलीच्या उजेडात पाहिली होती, चाळीसच्या बल्बखाली पाहिली होती, पण इतक्या लख्ख उन्हात इतक्या जवळून कधी पाहिलीच नव्हती. कानाजवळ एक केस पांढरा झाला होता. सव्विसाव्या वर्षी. डोळ्यांखाली दोन काळ्या खोलगट रेघा, आणि ओठ असे मिटलेले की जणू आत कुणीतरी झोपलं आहे आणि आवाज करायचा नाही.

कचऱ्यात तांदळाएवढा एक पांढरा खडा निघाला. दात म्हणावा तर दात, चुन्याचा कण म्हणावा तर तसाही. दोघींनी काही न बोलता तो दातच ठरवला. सरुबाईनं पदराच्या टोकाला त्याची गाठ मारली. आता सिन्नरचं बोलावं, असं तिच्या मनात आलं. पण संध्याकाळच्या आत कोंडाजीनं पूर्वेच्या भिंतीपलीकडे पहारीनं खड्डे खणले आणि त्यांत दोन लोखंडी खांब उभे केले. छपराचे पाईप भिंतीच्याही पुढे काढून त्या खांबांवर टेकवले. खाली भिंत नव्हती, जमीन नव्हती सारवलेली, नुसतं गवत आणि बोरीचं एक झुडूप. त्यावर चौथा खण आकाराला आला.

सरुबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. सगळं ऐकून असा खण काढतोय म्हणजे या माणसाला ती गोष्ट सोसणार नाही, असं तिनं धरलं आणि तोंड मिटून घेतलं.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, पत्रे चढायला लागले. कोंडाजीनं त्याची युक्ती बसवली होती. भिंतीला दोन वासे तिरपे टेकवायचे. पत्र्याला वरून एक दोरी, ती त्याच्या हातात. खालून दुसरी दोरी, ती प्रतिभाच्या हातात, म्हणजे वाऱ्यानं पत्रा फिरायचा नाही. तो वर ओढायचा, ही खालून बेतानं सैल सोडायची. सरुबाईनं शिडी धरायची आणि स्क्रू, रबरी वायसर द्यायचे. मार्करच्या आकड्यांप्रमाणे एक, दोन, तीन. महेशचा आकडा आला की कोंडाजी तो मोठ्यानं वाचायचा, शाळेत हजेरी घेतल्यासारखा. एकही स्क्रू चुकीच्या जागी गेला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून एखादी गोष्ट सरळ होत होती.

शेजारची मैना ताकाची कळशी घेऊन आली. ती आल्याशिवाय गल्लीतलं कुठलंच काम पुरं होत नसे. ताक देऊन झालं, पत्र्यांची तारीफ करून झाली, मग तिची नजर पूर्वेच्या खांबांकडे गेली.

"नाना, हा खण कुणाला काढला?" तिनं विचारलं. "तुम्ही तर तिघंच."

कोंडाजीनं ड्रिल मशीन सुरू केलं. मशीन थांबल्यावर म्हणाला, "पत्रे हायेत म्हणून." सासूला द्यायला उचललेली वायसरची पिशवी प्रतिभाच्या हातून सुटली आणि काळ्या चकत्या अंगणभर पांगल्या. ती खाली बसून एकेक वेचायला लागली. मैनाला आपलं चुकलंय हे कळलं, पण काय चुकलं ते कळलं नाही, म्हणून ती ताकाची कळशी तिथंच विसरून गेली.

तीन वाजेपर्यंत अठरा पत्रे बसले. घर झाकलं गेलं. खालून स्वयंपाकघर पुन्हा अंधारलं. आता थांबला तर काम पुरं झालं म्हणता आलं असतं. कोंडाजी थांबला नाही. पाय फाकून तो चौथ्या खणाच्या पाईपांवर जाऊन बसला. त्याच्याखाली काहीच नव्हतं. गवतावर त्याची सावली पडली होती, पाईपांच्या चौकटीत बसलेली.

"एकोणीस," तो म्हणाला.

प्रतिभानं एकोणीस नंबरचा पत्रा दोरीला बांधला. बांधताना तिचा तळवा त्या 'प्र'वर क्षणभर राहिला. मग तिनं खालची दोरी हाताला वेढून घेतली. कोंडाजीनं वरून ओढलं. पत्रा वाशांवरून सरकत अर्ध्यात गेला आणि अडला.

"सैल सोड."

प्रतिभानं सोडली नाही.

"अडकला काय? सैल सोड, पोरी."

दोरी ताणली गेली. ती मागे रेलून उभी होती, टाचा मातीत रुतवून, मान खाली घालून. कोंडाजीनं पुन्हा ओढलं. जोर लावून नाही, विहिरीतली घागर भरली का बघावं तसं. मग त्यानंही ओढणं थांबवलं. पत्रा मधेच लोंबकळत राहिला, उन्हात चकाकत, आणि दोघंही आपापलं टोक धरून राहिले. एकमेकांकडे बघेनात.

सरुबाईच्या हातात रिकामी शिडी होती. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की तो पत्र्याकडे बघत नाही, सुनेकडेही नाही. तो आपल्याकडे बघतोय. डॉक्टर बाहेर आला की त्याच्याकडे बघावं, तसा. तीन दिवस तिला वाटत होतं, ह्याला सोसायचं नाही म्हणून हा खण काढतोय. त्यानं तो सरुबाईसाठी काढला होता. सून घरात राहिली तर सरू तगून राहील, एवढंच त्याच्या डोक्यात होतं, आणि त्याला जे येत होतं ते तो करत होता.

तिनं शिडी सोडली. पदराची गाठ चाचपली. एवढासा खडा, पण बोटांना लागत होता.

"आवो," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. कमी ऐकू येणाऱ्याचा तसाच निघतो. "महेश गेला. दोन वर्षं होऊन गेली त्याला जाऊन. तो काय आता या खणात राहायला येत नाय." मग ती सुनेकडे वळली, आणि आवाज खाली आला. "तू सिन्नरला जा, बाई. आम्ही दोघं म्हणतोय, जा. त्या लेकराला आई पायजे."

प्रतिभानं मातीत रुतवलेल्या टाचा सोडवल्या आणि दोरीचा एक वेढा हातावरून काढला.

वर बसलेल्या कोंडाजीनं बाहीनं तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. मग दोरी दोन्ही हातांत नीट धरली.

"बाजूला हो, पोरी," तो म्हणाला. "पत्रा खाली सोडतो."